बंद असला की आरसा

आमच्या जुन्या घरात एकच आरसा होता आणि तो बाबांच्या उंचीवर टांगलेला होता. सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या त्या दोन खोल्या. मोरीबाहेरच्या भिंतीत खिळा, खिळ्याला वहीएवढा आरसा, खाली फळीवर दाढीचं सामान. आई बाबांच्या खांद्याला लागायची. कुंकू लावायचं तर टाचा उचलून उभी राहायची, आणि तेव्हाही तिला दिसायचं ते कपाळ, भुवया, फार तर नाकाचा शेंडा. आरसा जरा खाली घ्या, असं ती कधी म्हणाली नाही. आणि आमच्या घरात रात्रंदिवस समतेची भाषा चालायची, तरी तो खिळा कुणाच्या नजरेला आला नाही.

त्या घरात टीव्ही नव्हता. शेजारी सगळ्यांकडे होता, आमच्याकडे बाबांना तो नको होता. बाबा कारखान्यात फिटर, आणि शिफ्ट सुटली की युनियनचं काम. गेटसभा घ्यायच्या, भाषणं करायची, पत्रकं लिहायची. लिहायचे बाबा, छापून आणायचे बाबा, आणि दुमडायची आई. संध्याकाळी स्वयंपाक झाला की ती मांडीजवळ गठ्ठा ओढायची आणि न बघता पत्रकं दुमडायची, एकीकडे शेजारच्या घरातल्या मालिकेचे संवाद भिंतीतून ऐकत. मधेच हात थांबायचे. म्हणजे भिंतीपलीकडे काहीतरी मोठं घडलेलं असायचं.

"काय झालं गं?" मी विचारायची.

"सून घरातून निघाली. श्श."

मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पुस्तकांना कव्हरं त्यांचीच. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर 'आता माघार नाही' असं होतं. टीव्ही माणसाला दुसऱ्यांची तोंडं दाखवतो, म्हणजे त्याला स्वतःच्या तोंडाचा विसर पडावा, हे बाबांचं वाक्य मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जसंच्या तसं म्हटलं आणि बक्षीस आणलं. ते वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. फक्त ते बोलणाऱ्या घरात आईला स्वतःचं तोंड नाकापर्यंतच दिसत होतं.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही पाथर्डी फाट्याला दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये आलो. माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, हॉटेलांच्या खोल्यांचं सजावटीचं काम करतात. गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलसाठी त्यांनी एक वस्तू मागवली होती. मालकाचं मन फिरलं, वस्तू उरली. दाजींनी ती आमच्या हॉलच्या भिंतीत बसवायचं ठरवलं. कारागीर घेऊन आले, भिंतीला लाकडी चौकट ठोकली, आत ते भलंमोठं काचेचं पान पक्कं केलं. बाबा दुपारी बाहेरून आले आणि दारातच थांबले.

"पाहुणे, हे काय?"

"आरसा आहे, बाबा."

"मग ही वायर कशाला?"

दाजींनी ताईकडे बघितलं. ताईने पंख्याकडे.

"म्हणजे, लावला तर टीव्ही," दाजी म्हणाले. "आरशाच्या आतून चित्र येतं. बंद असला की आरसा."

"असं होय. मग बंदच राहू द्या."

एवढ्यात आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. समोर ती होती. डोक्यापासून पायापर्यंत. तिने डावीकडे वळून बघितलं, उजवीकडे वळून बघितलं, मग मान फिरवून पाठीमागून.

"अगंबाई. मी एवढी बुटकी आहे?"

ताई हसायला लागली.

"हसतेस काय? साडी माझी मागून नेहमी अशी वर असते का? इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला!"

त्या दिवशी घरात तह झाला. टीव्ही लागणार नाही, आरसा राहील. बाबांना वाटलं आपण जिंकलो. आईला मालिका बघायला मिळाल्या असत्या तरी चाललं असतं, पण तिला त्याहून मोठं काही मिळालं होतं, आणि ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

ती आरशासमोर खुर्ची घेऊन वेणी घालायची. केस कमरेच्या खाली जायचे. एवढे केस असलेल्या बाईने आयुष्यभर अंदाजाने वेणी घातली होती. आता ती भांग पाडायला वेळ घेई, मोडून पुन्हा पाडी. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की त्या खुर्चीत बसलं की मान न वळवता सगळं घर दिसतं. तिच्या मागे एका बाजूला बाबांचं लिहायचं टेबल, एका बाजूला स्वयंपाकघराचं दार, मधे बाहेरचं दार. ती केस विंचरता विंचरता आरशाशी बोलल्यासारखी आमच्याशी बोलायची.

"अहो, चष्मा कपाळावर आहे. शोधताय काय?"

"तुला कसं दिसलं?"

"माझं लक्ष असतं."

नाहीतर मला: "दूध बघ, वर आलं. पुस्तक ठेव खाली."

निवृत्तीनंतरही युनियनसाठी पत्रक लिहिताना बाबा तोंडाने पुटपुटायचे, आवेश आला की हवेत मूठ उडायची. आई ते आरशात बघून हसायची. त्यांना पत्ता नसायचा.

मग तिला कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाले. हातात विंचरलेल्या केसांचे पुंजके यायला लागले तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, काढून टाका सगळे. ताईने काढले. आतल्या खोलीत वारा येत नव्हता म्हणून आईची कॉट हॉलमध्ये लावली होती. कॉट, तिची खुर्ची, समोर ती काच. दुसरीकडे कुठे लावायला जागाच नव्हती.

दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रिमोट कुठे आहे गं?"

रिमोट खोक्यातच होता. दाजींना फोन करून सगळं जोडून घेतलं आणि आमच्या घरात टीव्ही लागला. सकाळी चहाच्या आधी लागायचा, ती झोपली की बंद व्हायचा. बाबा आधी काही बोलले नाहीत. आजारी माणूस आहे, बघू दे. पण पुढे ते टेबलापाशी बसले की त्यांचा जबडा आवळलेला दिसायचा. ती बघत काय होती? बाजारभाव, साड्यांच्या जाहिराती, परदेशी स्वयंपाक, आणि सगळ्यात जास्त कार्टून. भिंतीपलीकडून ऐकलेल्या मालिका आता डोळ्यांसमोर आल्या होत्या, पण त्या लागल्या की ती लगेच पुढे जायची. एकदा बाबांनी भर कार्टूनमध्ये टीव्ही बंद केला.

"बास झालं. डोकं आहे की खोकं?"

आईने डोळे मिटले होते. ते तसेच मिटलेले ठेवून ती म्हणाली, "लावा."

"अगं, काय बघतेस त्यात? उंदीर मांजर?"

"लावा म्हणते ना."

"आयुष्यभर आपण ज्याच्या विरोधात..."

"तुम्ही," आई म्हणाली. "तुम्ही विरोधात. मी पत्रकं दुमडली."

बाबांनी लावला आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

कार्टूनचं कोडं मला एका दुपारी सुटलं. मी तिच्या शेजारी कॉटवर बसले होते. चॅनल बदलताना जुन्या सिनेमातलं रात्रीचं दृश्य लागलं, अंधारा रस्ता, दूर एक दिवा. आणि त्या अंधारात काचेवर आम्ही दोघी उमटलो. मी, आणि माझ्या शेजारी एक लहानसं गोल डोकं. आईने डोळे गच्च मिटले होते आणि अंगठ्याने ती बटण चाचपडत होती. पडदा पिवळाधम्मक झाला, त्यावर बदक पळायला लागलं, आणि आम्ही पुसले गेलो. मग तिने डोळे उघडले. मालिकांमध्ये रात्री असतात, अंधाऱ्या खोल्या असतात. कार्टूनमध्ये सगळं उजेडात चालतं.

"आई, याच्यावर चादर टाकू का? मी खिळे ठोकते वर."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आरशावर कपडा कधी टाकतात माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. बाबांच्या गावी, पिंपळगावकडे, घरात माणूस गेलं की आरसा झाकतात.

"मग. त्याला वेळ आहे अजून," ती म्हणाली आणि आवाज वाढवला.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. टेबलापाशी, हळू आवाजात. ती अंधाराची दृश्यं, ते मिटलेले डोळे. बाबांनी पेनाला टोपण लावलं.

आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्या शनिवारी लाईट अचानक, एका जाहिरातीच्या मध्यात गेली. आईचे डोळे उघडे होते. भर सकाळचा उजेड, समोर लख्ख आरसा, आणि त्यात ती. तिचा हात वर गेला, डोक्याकडे, आणि डोक्यापर्यंत पोचायच्या आतच थांबला.

बाबा टेबलावरून उठले. मला वाटलं ते तिच्याकडे जातील. ते तिच्या आणि आरशाच्या मधे जाऊन उभे राहिले. पाठ आरशाला, तोंड तिच्याकडे. गेटसभेत उभे राहायचे तसे, पाय फाकवून. त्यांनी घसा साफ केला.

"नमस्कार. ठळक बातम्या."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"सातपूरच्या कामगारांची एकजूट अभेद्य. व्यवस्थापनाच्या पोटात गोळा. सविस्तर वृत्त असं की..." आणि त्यांनी एक जुनं पत्रक तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली, बातम्यांच्या सुरात.

आईचे ओठ हलले. "चॅनल बदला."

"हेच लागतं या टीव्हीवर."

"मेलं हे एकच चॅनल बघतेय लग्नापासून. दुसरं काहीतरी लावा."

मग बाबांनी साड्यांची जाहिरात केली. खांद्यावर टॉवेल टाकून पदर दाखवला. उंदीर मांजर दोन्ही केले. गुडघे दुखणारा तो माणूस हॉलभर स्वतःच्याच मागे पळाला आणि पळून पुन्हा त्याच जागी, तिच्या समोर येऊन उभा राहिला. आई हसता हसता खोकायला लागली. लाईट येईपर्यंत ते तिथून हटले नाहीत. मी स्वयंपाकघरात तोंडात ओढणी धरून रडत होते. आणि मला बाबांचा असा अभिमान वाटला, जो त्यांच्या कुठल्या भाषणाने वाटला नव्हता.

त्यानंतर टीव्ही बंद करायचं बोलणं संपलं. सकाळी बाबाच लावायचे. शनिवारी सकाळी चहा झाला की ते आधीच जाऊन तयारीत उभे राहायचे. मधेच पडद्यावर अंधार आला तरी उठायचे. त्यांनी भूमिका घेतली होती. आणि आमच्या घरात भूमिका घेतली की हटायचं नसतं. कारखान्याच्या टाळेबंदीच्या वेळी पोलीस आले तरी बाबा गेटवरून हटले नव्हते, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले.

शेवटच्या आठवड्यात आई फारशी बोलत नव्हती. मान वळवली की दुखायचं. आम्ही तिला उशा लावून खुर्चीत बसवायचो, कारण तिला पडून राहणं आवडत नव्हतं. एका दुपारी, शनिवारही नव्हता आणि लाईटही होती, तिने मांडीवरचा रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. स्वतःच्या हाताने.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला दिसलं, तिचे डोळे उघडे होते.

बाबा टेबलापाशी होते. आवाज बंद झाला तशी त्यांनी मान वर केली आणि ते सवयीने झटकन उठले. जाऊन उभे राहिले तिच्यासमोर.

"नमस्कार. ठळक बातम्या."

"बाजूला व्हा," आई म्हणाली.

"चॅनल बदलू?"

"अहो. बाजूला व्हा ना."

बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मी आहे ना. तुला काही बघावं लागणार नाही. मी इथून हलत नाही."

आईने त्यांच्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मान उशीला टेकवली आणि डोळे मिटले. बाबांनी रिमोट तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि टीव्ही लावला. कार्टून. पुन्हा तिने तो बंद केला नाही. चारच दिवस ती राहिली त्यानंतर.

मी दारातून का बोलले नाही, हे कुणी विचारेल. मला वाटलं हे त्या दोघांचं आहे. पण आता मला राग येतो, आणि तो कुठे ठेवू ते कळत नाही. बाबांनी तिच्यावर प्रेम केलं नाही असं कोण म्हणेल? आरसा टांगला तेव्हा त्यांनी तिला विचारलं नाही. टीव्ही नको म्हणाले तेव्हा विचारलं नाही. तिने बंद केलेला तो पुन्हा लावला तेव्हाही नाही. आणि तिने शेवटचं काही स्पष्ट शब्दांत मागितलं, तेव्हा जगातला सगळ्यात प्रेमळ माणूस तिच्यासमोर भिंतीसारखा उभा होता. आमच्या प्रत्येक पत्रकात 'आम्ही' असायचं. आम्ही मागणी करतो, आम्ही झुकणार नाही. ती पत्रकं दुमडणाऱ्या बाईची मागणी काय आहे, हे ऐकून घ्यायची रीत आमच्यात नव्हती. मला वाढवणारी माणसं हीच, आणि मीही हेच शिकले, की दुसऱ्यासाठी उभं राहायचं. दुसऱ्याने सांगितलं तर बाजूला व्हायचं असतं, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

आई गेली त्या दिवशी पिंपळगावहून आत्या, बाबांची थोरली बहीण, आली आणि दारातूनच ओरडली, "अरे, घरात माती झाली आन् टीव्ही काय चालू हाय?" कुणाला भान नव्हतं. पडद्यावर बदक पळत होतं. आत्याने बंद करायला लावला, तर समोर आरसा. घर भरून रडणारी माणसं त्यात दुप्पट झाली.

"अगं माय, ह्यो तर आरसा!" आत्या घाबरली. "झाका, झाका आधी."

कपाटातून आईची साडी काढून तिने चौकटीत खोचली. तेराव्यापर्यंत आईची हिरवी साडी त्या भिंतीवर होती. बाबा तिच्याकडे पाठ करून बसायचे.

तेराव्यानंतर आत्याने साडी उतरवली, घडी घातली. "लावायचा तर लाव आता तुझा टीव्ही," ती म्हणाली. "लय गप गप वाटतं घर."

"राहू दे," बाबा म्हणाले.

ती गेल्यावर ते आईच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. खुर्चीत बसले नाहीत. काचेकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "काय बघायचं असेल गं तिला?"

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला गेले असताना मी त्या खुर्चीत बसले. मान आईसारखी उशीला टेकवली. समोर मी दिसले. माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार, ओट्यावर कुकर. दुसरीकडे बाबांचं टेबल, त्यावर पेन, अर्धा लिहिलेला कागद, ओढून ठेवलेली खुर्ची. मधे बाहेरचं दार. ते उघडलं आणि बाबा आत आले. हातात दुधाची पिशवी. कुणी बघत नाही असं समजून ते भिंतीला हात टेकून कितीतरी वेळ चपला काढत राहिले. इतके म्हातारे ते मला समोरून कधी दिसले नव्हते.

मग त्यांना मी दिसले, बंद टीव्हीसमोर, त्या खुर्चीत. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, आणि पाय सवयीने तिकडे वळले. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. टेबल गेलं, दार गेलं, मी गेले. डोळ्यांसमोर फक्त त्यांच्या सदऱ्याची बटणं.

"बाबा, बाजूला व्हा," मी म्हणाले.

या वेळी ते लगेच झाले.